रात्री दहाच्या रील्स आणि माळ्यावरची पेटी : माझा अनुभव

मी राहते मिरजेत आणि नोकरीला सांगलीत, एका टॅक्स कन्सल्टंटकडं. त्यामुळे दिवसभर समोर स्क्रीन असतेच, आणि जीएसटी रिटर्नची वीस तारीख जवळ आली की ऑफिसातनं निघायलाच रात्रीचे आठ वाजतात. ती स्क्रीन पोटापाण्याची आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. मी सांगतेय ते जेवणं उरकून, ओटा पुसून, दहाच्या सुमारास पलंगावर टेकल्यावर सुरू व्हायच्या त्या रील्सबद्दल. कुणी फ्रीज आवरतंय, कुणी सुनेची नक्कल करतंय, मधेच एखादा डॉक्टर सांगतोय की भात खाऊ नका, आणि बोट आपलं वर सरकवतंय. बारा वाजता फोन ठेवताना काय बघितलं ते आठवायचं नाही, डोळे चुरचुरायचे आणि उगाचच भकास वाटायचं. मजा आली म्हणून बघत बसले असते तर हे लिहायची गरजच नव्हती, पण मजाही येत नव्हती.

सगळे करतात ते उपाय केले. ॲपला टायमर लावला, स्क्रीन काळी-पांढरी करून ठेवली, शेवटी फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून बेडरूमचं दार लोटून घेतलं. फोन गेला पण तो वेळ तसाच राहिला ना. पडल्या पडल्या डोक्यात ऑफिसचं चक्र सुरू, अमक्याचं रिटर्न राहिलंय, मुलाची फी भरायचीय, सासूबाईंच्या गुडघ्याचं काय करायचं. खरं सांगते, फोन नसलेला तो एक तास फोन घेऊन घालवलेल्या दोन तासांपेक्षा जड जायचा.

त्याच सुमाराला मला मोहित्यांचे वडगाव आठवलं. आमच्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. तेव्हा पेपरात, टीव्हीवर सगळीकडं आलं होतं, आणि आम्ही ऑफिसात भारी आहे हं म्हणून सोडून दिलं होतं. आता परत विचार केल्यावर लक्षात आलं की तिथं नुसता बंदचा भोंगा नाहीये, त्या दीड तासात पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. म्हणजे एक गोष्ट काढली तिथं दुसरी ठेवलीय, शिवाय सगळ्या गावाची एकच वेळ. माझ्याकडं दुसरी गोष्टच नव्हती.

मानसोपचारात याच्या जवळची एक पद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात तिला. पीटर लेविनसन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात उदासीवर काम करताना असं मांडलं की माणूस उदास होतो तसा आवडीच्या गोष्टी सोडत जातो आणि त्या सोडल्यामुळं अजून उदास होतो, म्हणून मूड येण्याची वाट न बघता आधी ती गोष्ट करायला घ्यायची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तर आनंद देणाऱ्या तब्बल ३२० गोष्टींची यादी बनवली होती. मला ते ३२० वाचून एकदम धीर आला, कारण माझ्या यादीत तेव्हा चहा सोडून काही येत नव्हतं.

मग मी यादी करायला बसले आणि एक नियम ठरवला, तब्येतीला चांगलं, बुद्धीला चांगलं असलं काही लिहायचं नाही, फक्त लग्नाआधी आपण काय करताना रमायचो ते लिहायचं. पोहणं, शब्दकोडं, भरतकाम, आईबरोबर पेटीवर भजनं. पेटीपाशी आल्यावर पेन थांबलं. आईची पेटी माझ्याकडंच होती, माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

खाली काढली तर भाता मारला की नुसती फुस्स हवा, आणि दोन-तीन सूर मुके. आता मिरजेत राहून वाद्य दुरुस्त होत नाही असं म्हणता येत नाही. आमच्या गावाची सतार आणि तानपुरा, दोन्हींना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं बनवणारी, धार लावणारी माणसं दीडेकशे वर्षांपूर्वी तारा आणि भोपळ्यांकडं वळली. इतकी वर्षं त्या गल्लीतनं मी फक्त स्कूटीवरून गेले होते. तिथंच विचारत विचारत एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडं पोचले. त्यांनी पेटी उघडून भात्याच्या घड्या दाखवल्या, कुठं कापड विरलंय, कुठं हवा गळतेय, आणि मग पितळेचे सूर. तो छोटासा पत्रा टोकाकडं किंचित घासला की सूर चढतो आणि मुळाकडं घासला की उतरतो. काका घासायचे, वाजवून कान लावायचे, परत घासायचे. मी तासभर उभी होते आणि पर्समधला फोन काढायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. निघताना म्हणाले, ताई, भाता हळू ओढा, जोरात ओढून सूर गोड होत नाही, नुसतं दमायला होतं.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पेटीला दोन्ही हात लागतात. उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर, म्हणजे फोन धरायला हातच उरत नाही. मी मधे पुस्तक वाचूनही बघितलं होतं, पण पुस्तक एका हातात धरता येतं आणि दुसरा हात आपसूक उशाशी जातो. टीव्ही बघताना तर विचारूच नका. म्हणून मला असं ठाम वाटतं की फोनच्या जागी जे काही आणाल त्यात हात गुंतले पाहिजेत. आमच्या शेजारच्या काकू क्रोशा करतात, त्यांचंही तेच म्हणणं आहे, सुई सोडली की टाके निसटतात म्हणून फोन वाजला तरी त्या हातातली ओळ पूर्ण करतात.

दुसरं म्हणजे शेवट. रील्सला शेवट नसतो. ते न संपणारं स्क्रोल एझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये बनवलं आणि पुढं त्यानेच त्याबद्दल खंत बोलून दाखवली. अलंकाराला, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या पाठाला, शेवट असतो. सारेग, रेगम, गमप करत वरच्या सा पर्यंत जायचं, तसंच खाली यायचं, संपलं. संपल्यावर जे बरं वाटतं ते मला फोनमध्ये कधीच मिळालं नव्हतं. शनिवारी एका सरांकडं जाते, त्यांनी आधी भूप राग दिला. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद (म आणि नी) नाहीत. आणि सरांनी एक गंमत दाखवली, काळी तीनचा, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीचा सा धरला तर अख्खा भूप काळ्या पट्ट्यांवर बसतो, पांढरीला बोट लावायचं कामच नाही. दमलेल्या रात्री मी तेच करते, डोळे मिटून नुसत्या काळ्या पट्ट्यांवर फिरत राहायचं, चुकायला जागाच नाही. ज्यांना वाटतं आपल्याला संगीतातलं काही कळत नाही त्यांनी कुणाच्या तरी पेटीवर हे एकदा करून बघा, मी मनापासून सांगतेय.

व्यवस्था मात्र करावी लागली. पहिल्यांदा पेटी खोक्यात घालून कपाटात ठेवायचे, रात्री ती काढायचा कंटाळा यायचा आणि उशाशी फोन तयारच असायचा. आता ती हॉलच्या कोपऱ्यात चौरंगावर असते, वर नुसता रुमाल, आणि फोनचा चार्जर सासूबाईंच्या खोलीत. मुलगा आधी वैतागला, मग एक दिवस येऊन म्हणाला, आई, भाता मी मारू का? आता तो भाता मारतो आणि मी दोन्ही हातांनी वाजवते. बिल्डिंगमध्ये रात्री साडेदहानंतर वाजवणं बरं दिसत नाही, तेवढ्यावर थांबते, आणि त्याचा फायदा असा की झोपही वेळेवर लागते.

एका वहीत आधी आणि नंतर कसं वाटतंय याला दहापैकी मार्क देत होते. रील्सच्या रात्री मार्क होते तिथंच राहायचे नाहीतर एखादा कमी व्हायचा. पेटीच्या रात्री बहुतेक वेळा चढायचे, आणि सगळ्यात जास्त ज्या दिवशी अजिबात इच्छा नसताना बसले त्या दिवशी. लेविनसनसाहेबांचं म्हणणं तिथं मला पटलं. भरतकाम काही जमलं नाही, दिवसभर आकडे बघितलेल्या डोळ्यांना तो ताण नकोच वाटतो. वीस तारखेच्या आसपास पेटीही होत नाही, तेव्हा पेपरातलं शब्दकोडं घेते, नाहीतर नवऱ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून येते, तेवढंही पुरतं.

फोन सोडलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा चढली की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली ते आम्ही सगळेच दर तासाला बघतो, इशारा ४० फूट आणि धोका ४५, आणि २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला ते बघू नको असं कुणी सांगू पण नये. फक्त पातळी बघून झाली की फोन परत चार्जरला लावते.

रविवारची दुपार अजून सुटलेली नाही. जेवून सगळे लोळतात, पेटी वाजवली तर घरच्यांची झोपमोड, ऊन म्हणून बाहेर जाता येत नाही, आणि तेव्हा माझ्या हातात फोन येतोच. हात गुंततील, आवाज होणार नाही आणि डोळ्यांना ताण नाही, असं काही कुणी करत असेल तर मला खरंच सांगा, या रविवारपासूनच करून बघते.