नावानिशी आभार

१९ डिसेंबरची गोवा मुक्तिदिनाची सुट्टी झाली की त्यानंतरच्या शनिवारी आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन भरते, आणि माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस या नात्याने त्या संध्याकाळी उपस्थितीची वही घेऊन फाटकापाशी बसण्याचे काम माझ्याकडे असते. वहीत साठ सह्या झाल्या तर ते वर्ष चांगले म्हणायचे. बरीचशी मंडळी नाटकाची तिसरी घंटा होता होता उगवतात, सही न करताच आत शिरतात आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटली की ‘यंदा कार्यक्रम थोडा लांबला, नाही?’ असे मलाच विचारतात. हे मी रागाने लिहीत नाही. पण लिहीत आहे, हे खरे. जे ऐकण्यासाठी मी स्वतः दर वर्षी जात आलो ते नाटकाच्या आधी होत असे, आणि उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला ते कधी आलेच नाही.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांची ओळख, अहवाल आणि बक्षिसे यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. समई दर वर्षी वाऱ्याने एकदा विझते, दहावीच्या निकालाचा आकडा येतो तिथे टाळ्या पडतात, आणि पाहुणे ‘मी फार वेळ घेणार नाही’ असे सांगून जितका घ्यायचा तितका घेतात. त्यानंतर आभारप्रदर्शन. इतर ठिकाणी हा शब्द ऐकला की लोक पायांनी चपला चाचपू लागतात. आमच्याकडे मात्र त्या क्षणी स्वयंपाकाच्या बायका पदराला हात पुसत व्हरांड्यात येऊन उभ्या राहत, मागच्या रांगेतली मुले पुढे सरकत आणि पातळभाजीचे पातेले चुलीवर एकटेच रटरटत राही. कारण आभार मास्तर मानत.

मास्तर आम्हाला मराठी शिकवत. संमेलनाच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला फुलस्केप कागद आणि पेन्सिलीचा तुकडा असे. माटव म्हणजे मांडव उभारणारा, पडद्याची दोरी तपासणारा, पाव आणून टाकणारा असा कोणीही दिसला की ‘तुजें नांव कितें रे?’ असे विचारून ते नोंद करून ठेवत. घरात आणि बाजारात आम्ही सगळे कोंकणी बोलणारे. मराठी आमची फळ्यावरची, भजनातली आणि रंगमंचावरची. त्यामुळे सकाळी कोंकणीत विचारून घेतलेले नाव संध्याकाळी मराठीतून, दुसऱ्याच अर्थासह ध्वनिक्षेपकावरून परत आले की ज्याचे त्यालाही ते नवे वाटे.

एका वर्षी बक्षीस समारंभाच्या मध्येच वीज गेली आणि जनित्र सुरू व्हायला दहा मिनिटे लागली. मास्तर आभाराला उठले आणि म्हणाले, ‘वीज गेली होती, पण प्रकाश कोठेही गेला नव्हता, तो शाळेच्या मागे जनित्राची दोरी ओढत उभा होता.’ हाताला काळे तेल लागलेला प्रकाश तेव्हा खरोखरच मागच्या दारात उभा होता, आणि लोक टाळ्या वाजवताना पाहून तो हात लपवू लागला. हारांसाठी घरची अबोली कमी पडल्यावर पहाटे शेजारच्या गावी जाऊन फुले आणणाऱ्या सुमनविषयी त्यांनी एवढेच सांगितले की फुले कमी पडली, सुमन कमी पडली नाही. देणगीच्या पावत्या घेऊन घरोघर हिंडणाऱ्या वामनाबद्दल ते म्हणाले, ‘पुराणातल्या वामनाने तीन पावले मागितली, आमच्याने तीनशे पावत्या फाडल्या; बळीला विचाराल तर पहिला परवडला.’ खजिनदार माधव होता. मा म्हणजे लक्ष्मी आणि धव म्हणजे पती, तेव्हा खजिना त्याच्या हाती असणे योग्यच. मात्र शिल्लक पाहता लक्ष्मी सध्या माहेरी गेलेली दिसते, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. माझ्या मते सर्वांत उत्तम श्लेष नाटकाच्या प्रॉम्प्टरवरचा होता. पडद्याआड पोथी धरून बसणाऱ्याचे नाव पाहुण्यांना कळण्याचे कारण नसते. मास्तरांनी त्याला हाताने धरून पुढे आणले आणि म्हटले, ‘या रंगमंचावर नायक पुष्कळ झाले, पण विनायकाविना नायक मुका.’

हे त्यांना जमत असे याचे कारण वर्गात ठाऊक झालेले होते. श्लेष शिकवताना ते फळ्यावर ‘औषध नलगे मजला’ एवढेच शब्द लिहीत आणि मागे सरून उभे राहत. कोणी ‘न लगे’ असे तोडी, म्हणजे औषध नको. कोणी ‘नल गे’ असे तोडी, म्हणजे सखीला सांगितले जाते आहे की माझे औषध नलच आहे. दमयंतीने लाज राखून प्रियकराचे नाव कसे घेतले पाहा, असे ते म्हणत, आणि आठवीच्या वर्गात मुली खाली पाहत. शब्द फोडून दुसरा अर्थ निघाला तर सभंग, न फोडता निघाला तर अभंग, ही व्याख्या आम्ही परीक्षेपुरती पाठ केली. मनात राहिली ती नावे. मोरोपंत (१७२९ ते १७९४) स्वतःला मयूर म्हणवत आणि आपल्या आर्त प्रार्थनेला त्यांनी ‘केकावली’ हे नाव दिले, कारण केका म्हणजे मोराचा टाहो. आपल्याच नावाशी खेळावे तर असे, हे मास्तरांचे मत. त्याहून त्यांना प्रिय होती नाथांची मुद्रा. ‘एका जनार्दनी’ यातला ‘एका’ म्हणजे एकनाथ आणि जनार्दन म्हणजे त्यांचे गुरू, पण म्हणताना कानावर येते ते जनार्दनाशी एक होणे. हे सांगताना त्यांचा आवाज बदले. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या वेळी कोणी उठत नसे.

आडनावांवर मात्र ते कधी श्लेष करत नसत. आडनाव गावाचे, नाव माणसाचे, असे त्यांचे कारण होते, आणि आमच्या फोंडा तालुक्यात, जुन्या माणसांच्या अंत्रुज महालात, ते सहज पटण्यासारखे आहे. मंगेशीवरून मंगेशकर, केरीवरून केरकर, बोरीवरून बोरकर, बांदोड्यावरून बांदोडकर. गायक दीनानाथ, गायिका केसरबाई, कवी बाकीबाब आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब ही माणसे आपापल्या गावाची पाटी गळ्यात घालून जगभर गेली. तिकडे सांगे तालुक्यात गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेले. गाव बुडाले आणि आडनाव तेवढे वर राहिले. त्यात पोर्तुगीज दफ्तरांनी प्रभूंचे पोरोबो आणि शेणव्यांचे सिनाई करून ठेवलेले. ‘आडनावाची थट्टा सरकारने आधीच करून ठेवली आहे, आपण आणखी कशाला करायची?’ असे मास्तर हसून म्हणत.

हा नियम मला ठाऊक होता. त्यामागचे पथ्य मात्र मला कळले नव्हते. एका वर्षी मास्तरांचा घसा बसला आणि आभाराचा कागद माझ्या हाती आला. यादीत गावातल्या भुसारी दुकानदाराचे नाव होते, दामोदर. रवा, साखर आणि तेल दर वर्षी त्याच्याकडून येई, आणि त्या वर्षी साखर थोडी कमी आली होती. मी ध्वनिक्षेपकापाशी जाऊन म्हणालो, ‘दाम ज्याच्या उदरात जातात आणि बाहेर येत नाहीत, तो दामोदर.’ हशा पुष्कळ झाला. मास्तर हसले नाहीत. दामोदरबाब पहिल्या रांगेत होते; त्यांनी मांडीवरची टोपी उचलली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि नाटकाला न थांबता ते घरी गेले. साखर का कमी आली हे मला नंतर कळले: त्या आठवड्यात त्यांच्या घरी आजारपण होते आणि दुकान दोन दिवस बंद होते. पुढच्या संमेलनाला त्यांच्याकडून ना जिन्नस आला, ना ते स्वतः आले. त्यांचे नाव नसलेले उपस्थितीच्या वहीतले ते पान मला अजून उघडवत नाही.

मास्तर मला काही बोलले नाहीत. शिमग्याच्या सुमारास एका संध्याकाळी मला सोबत घेऊन ते दुकानात गेले. दामोदरबाब छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून चण्याच्या डाळीचा पुडा बांधत होते. दोरा आडवा, दोरा उभा, गाठ, आणि बोटाला गुंडाळून हिसडा. मास्तर तो दोरा बोटाने दाखवत मला, पण त्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘दाम म्हणजे पैसा हे बाजाराचे संस्कृत. मूळ दाम म्हणजे दावे, दोरी. यशोदेने ज्याच्या पोटाला दावे बांधले तो दामोदर. मोकळ्या सुटलेल्याला हे नाव मिळत नाही. मायेने बांधून घेणाऱ्याला मिळते.’ दामोदरबाबांनी पुडा गिऱ्हाइकाला दिला, पैसे गल्ल्यात टाकले आणि मास्तरांना विचारले, ‘अवंदूं साकर कितली जाय?’, म्हणजे यंदा साखर किती हवी. मी माफी मागितली ती त्यानंतर, अडखळत, आणि त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तेव्हापासून ते दर वर्षी पहिल्या रांगेत असतात आणि माझ्या वहीत पहिली सही त्यांची असते.

मला दर वेळी गलबलून येई ते सांतानच्या आभारांनी. सांतान सुतार, रंगमंचाच्या फळ्या ठोकणे, माटवाचे खांब रोवणे आणि नाटक संपल्यावर ते सारे उतरवणे ही त्याची कामे. तो आमच्या शाळेत शिकलेला नाही. मास्तर प्रत्येक वर्षी त्याचे नाव शेवटी घेत आणि शब्दही तेच असत: ‘शाळेला संताने पुष्कळ आहेत, पण रात्री दोन वाजता माटव सोडायला थांबतो तो एकटा सांतान.’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकूनही शिळे झाले नाही, कारण दर वर्षी ते खरेच असे. सांतान माटवाच्या खांबाला टेकून उभा असे, आपले नाव येणार हे त्याला ठाऊक असे, आणि तरीही ते आले की तो हातोडी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने कपाळावर क्रूस काढी. आम्ही सारी संताने त्या वेळी पायांकडे पाहत असू. त्या वाक्यानंतर काही वर्षे तीन-चार जण माटव सोडायला थांबू लागले, हे नोंदवले पाहिजे. आता पुन्हा कोणी थांबत नाही, हेही.

मास्तरांचे असे घड्या घातलेले अकरा कागद माझ्याजवळ आहेत, आणि हा लेख लिहिताना ते समोर पसरले आहेत, तेव्हा राहिलेली नावे येथे न घेणे बरे दिसणार नाही. पातळभाजी रुक्माकाकींची आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या सुनेची, खुर्च्या मोजून आणणारा आणि मोजून परत करणारा गोकुळदास, ज्याच्या हिशेबात एकदाही खुर्ची हरवली नाही, रंगवायला बसला की स्वतःच्या चेहऱ्यालाही रंग लावून घेणारा उल्हास, नऊवारी नेसवणाऱ्या शशिकलाबाई, पेटीवर आनंद, घुमट वाजवणारे दोघे जुळे भाऊ, ज्यांची नावे मी प्रत्येक वेळी उलटी घेतो म्हणून येथे घेतच नाही, पहाटे भट्टीतून दोनशे पाव बाजूला काढून ठेवणारा पोदेर, आणि अंगण सारवणाऱ्या त्या दोघी, ज्यांची नावे मास्तरांच्या कागदावर आहेत पण पेन्सिल पुसट झाल्यामुळे मला लागत नाहीत. त्यांची मी क्षमा मागतो. त्यांच्यापैकी कोणी हे वाचले तर मला कळवावे.

मास्तरांचे नाव मी अजून लिहिलेले नाही, ते मुद्दाम. त्यांनी स्वतःच्या नावावर कधी श्लेष केला नाही, आम्हालाही करू दिला नाही, आणि तो इतका उघड होता की प्रत्येक तुकडीतला एखादा तरी मुलगा तो करून बसे व कान पिळून घेई. निवृत्तीच्या वर्षी आभार झाल्यावर नाटकाआधी त्यांचा सपत्नीक सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ झाले, काकींची ओटी भरली, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी आग्रह धरला की काकींनी नाव घ्यावे. काकी शाळेच्या कार्यक्रमाला नेहमी शेवटच्या रांगेत बसत. रंगमंचावर त्या प्रथमच आल्या होत्या. नको नको म्हणत त्यांनी ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला आणि मास्तरांकडे न पाहता म्हटले:

घंटा झाली, वर्ग सुटले, सरले शाळेचे काम;
सोप्यात खुर्ची मांडली आहे, घ्या आता विश्राम.

क्षणभर कोणाच्या लक्षात आले नाही. नावही घ्यायचे असते आणि विश्रामही घ्यायचा असतो. काकींनी एका क्रियापदात दोन्ही उरकले होते, आणि ज्याचा हक्क मास्तरांनी इतकी वर्षे कोणाला दिला नव्हता तो श्लेष घरातूनच आला होता. मग जो गलका झाला त्यात व्हरांड्यातल्या बायका सर्वांत पुढे होत्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता ते उत्तर देणार म्हणून सारे थांबले. ते उठून ध्वनिक्षेपकापाशी आले, खिशातला कागद काढला, चारही घड्या उलगडल्या आणि म्हणाले, ‘क्षमा असावी, एक नाव राहिले. चहाचे दूध यशोदेकडून आले होते.’

पहिल्या रांगेत दामोदरबाब मोठ्याने हसले.