आमची वाटचाल: कंट्रोलर नाही, वायर

जळगाव एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे, सुरुवातीला तोही अर्धाच भाड्याने घेतलेला. पॉलिटेक्निक झाल्यावर मी पाईप आणि चटईच्या कारखान्यांत टेम्परेचर कंट्रोलर (तापमान बघून हिटर किंवा कूलिंग चालू-बंद करणारा डबा) रिपेअर करत फिरायचो, डिकीत सोल्डरिंग गन अन् मल्टिमीटर, बस्स. तेव्हा वाटायचं बिघाड म्हणजे त्याच्या आतल्या सर्किट कार्डावरच असणार.

हा समज मोडला रावेरकडच्या एका केळीच्या रायपनिंग चेंबरने, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोलीने. मालकाचा फोन, "काय भो, डिस्प्लेवर १६ आहे अन् माल पिवळा व्हायचा सोडून राखाडी पडतोय!" गेलो, कंट्रोलर बदलला, तेच. दुसरा बदलला, तोही खिशातून, तरी तेच. तिसऱ्या वेळी १०० ओहमचा रेझिस्टन्स घेऊन गेलो (०.१ टक्केवाला बरं का, एक टक्केवाला घेतला तर त्याचीच चूक अडीच डिग्रीची). तापमान मोजणारा पीटी १०० सेन्सर शून्य डिग्रीला बरोबर १०० ओहम असतो आणि पुढे दर डिग्रीला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. रेझिस्टन्स कंट्रोलरच्या टर्मिनलला लावला, डिस्प्लेवर ०. मग आत चेंबरमध्ये जाऊन सेन्सरच्या जागी लावला, तर साडेतीन! म्हणजे कंट्रोलर चांगला, मधली २० मीटर वायर खोटं बोलत होती. अर्ध्या स्क्वेअर एमएमची दोन कोर (आत दोन तारा), जाऊन येऊन ४० मीटर, त्याचेच जवळजवळ १.४ ओहम, ते कंट्रोलरने सेन्सरचे समजून घेतले. डिस्प्ले १६ म्हणायचा तेव्हा आत साडेबारा असायचं, आणि १३ च्या खाली केळीला थंडी बाधते. तिसरी कोर ओढली, कारण तीन वायरवाला कंट्रोलर एका वायरचा रेझिस्टन्स वेगळा मोजून वजा करतो, फक्त तिन्ही कोर सारख्या हव्यात. दोन कंट्रोलरचे पैसे काही मी मागितले नाहीत, मागायला तोंडच नव्हतं.

पुढे पॅनेल बनवायला लागलो. हिटरला कॉन्टॅक्टरऐवजी (टकटक करत लाईन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावायची फॅशन आली, टकटक नाही, पॉइंट जळत नाहीत, आम्हीही खुशीत लावले. पण एसएसआर चालू असताना स्वतःवर सव्वा-दीड व्होल्ट खातो, २० अँपिअरला म्हणजे २५ ते ३० वॅट नुसती उष्णता, हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा ठोकळा) लहान पडला आणि बाहेर आपला मे महिना असला की तो जातो. आणि गेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो, हिटर बंदच होत नाही. एका चटई कारखान्यात रात्रपाळीला असंच झालं, मशीनचा एक झोन, म्हणजे हिटरचा भाग, तापत राहिला, ऑपरेटरने वासावरून ओळखलं म्हणून बरं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पॅनेलमध्ये एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर असतोच, ओव्हर टेम्परेचरला लाईन तोडणारा, त्याला सेन्सरही वेगळा. गिऱ्हाईक म्हणतं एवढा खर्च कशाला, मी म्हणतो दादा तो काढायचा असेल तर पॅनेल दुसरीकडून घ्या.

आता गाळा पूर्ण आपला, पाच जण आहोत. परवा सावद्याहून फोन, कंट्रोलर खराब आहे म्हणे, लगेच नवीन पाठवा. मी विचारलं वायर किती लांब अन् किती कोरची, तर पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.