दर सोमवारी एक प्रश्न

2019 साली बार्शीत मार्केट यार्डाजवळ कर सल्ल्याचं ऑफिस उघडलं, तेव्हा हातात 11 क्लायंट होते, सगळे नात्यातले नाहीतर ओळखीचे. आजूबाजूला महिना 500 रुपयांत रिटर्न भरून मिळत होतं. त्याहून स्वस्त होणं मला परवडणारं नव्हतं.

व्हॉट्सअपवर जीएसटीच्या कलमांचं मराठी करून पाठवायला लागले. पुष्कळ महिने पाठवलं. एकाचाही फोन आला नाही.

2022 च्या सुरुवातीला एक हार्डवेअरवाले काका फाइल घेऊन आले. "मॅडम, माल घेतला, जीएसटीसकट पैसे दिले, पक्कं बिल आहे. मग क्रेडिट का मिळंना?" क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेणं. 1 जानेवारी 2022 पासून जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दिसेल तेवढंच क्रेडिट घेता येतं, आणि त्यांच्या पुरवठादारानं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलंच नव्हतं. मी पोर्टल उघडलं आणि त्यांनाच एकेक बिल जुळवायला लावलं. तिसऱ्या बिलाला त्यांना सगळं कळलं. त्या रात्री त्यांचाच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये बोलले: 14 तारखेला 2बी तयार होतं, ते कुठं बघायचं, बिल दिसत नसेल तर 20 तारखेच्या आत पुरवठादाराला काय सांगायचं. ती नोट यार्डभर फिरली. आठ दिवसांत चौघं आले. "त्या 2बीवाल्या मॅडम तुम्हीच का?"

तेव्हापासून दर सोमवारी एक नोट, आणि त्यात एकच प्रश्न. तोही आठवड्यात ऑफिसात कुणीतरी खरोखर विचारलेला.

"सगळं फुकट शिकवलंस तर तुझ्याकडं येणार कोण?" बाबा म्हणाले. शून्य रिटर्न, म्हणजे व्यवहारच नसलेल्या महिन्याचं, भरायला शिकून काहीजण गेले, हे खरं. पण नोटीस आली, नवा भागीदार घेतला, की तेच परत आले, आणि येताना कागद लावून आणायचे. माझा निम्मा वेळ वाचायचा. स्वतः रिटर्न भरलेला माणूस फीवरून घासाघीसही कमी करतो, कारण कामाला किती वेळ लागतो ते त्यानं पाहिलेलं असतं.

एकदा मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली. तिमाही रिटर्नच्या योजनेवर बोलताना, पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत पीएमटी-06 या चलनानं भरावा लागतो, हे सांगायचं राहिलं. एका किराणावाल्यानं माझ्या भरवशावर तिमाही संपेपर्यंत काहीच भरलं नाही. त्याला 18 टक्क्यांनी व्याज लागलं. ते मी दिलं, आणि पुढच्या सोमवारी चूक नावासकट, माझ्या नावासकट, सांगितली. आता प्रत्येक नोट सुरू होते ती तारीख सांगून आणि ही कोणासाठी आहे ते सांगून.

22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले. वह्या 12 टक्क्यांवरून शून्यावर आल्या. गिऱ्हाइकाला आनंद, पण दुकानात पडून असलेल्या वह्यांवर घेतलेलं क्रेडिट उलटवायचं, म्हणजे परत करायचं होतं. ते मी आठवडाभर आधीच सांगितलं होतं. तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्या एका स्टेशनरीवाल्यांचा शनिवारी फोन आला. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, तिसऱ्या दिवशी घटस्थापना. रविवारी रात्री अकरापर्यंत त्यांचा मुलगा वह्यांचे गठ्ठे मोजत होता, आणि मी एकेक खरेदी बिल समोर धरून आकडा टिपत होते.