फ्लॅटचं वायरिंग बदलल्यावर टेस्ट रिपोर्ट कसा मिळवला: माझा अनुभव

पुण्यातल्या जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. ॲल्युमिनियमच्या तारा, फ्यूजचा लाकडी बोर्ड, बिलावर मंजूर भार दोन किलोवॅट. नूतनीकरणात सगळं वायरिंग नव्यानं केलं आणि दोन एसी आले, त्यामुळे महावितरणकडून भार वाढवून घेणं आलं. त्यासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

भार वाढवायचा नसेल तर घरगुती ग्राहकाकडे हा कागद सहसा कुणी मागत नाही, म्हणून बरेच जण त्या भानगडीत पडत नाहीत. नियम मात्र स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार (आधीच्या 2010 च्या विनियमांतही हेच होतं) दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या वायरमननं करायचं असतं. इंटिरियरवाल्याचा वायरमन हाताचा कितीही चांगला असो, परवाना नसेल तर सही दुसऱ्याची लागते. आणि शहाणा ठेकेदार गिलावा झालेल्या भिंतीवर सही करत नाही. म्हणून त्याला खाचा उघड्या असतानाच बोलवावं. परवाना क्रमांक आणि त्याची मुदत तेव्हाच बघून घ्यावी. मुदत संपलेल्या परवान्यावरचा रिपोर्ट परत येतो.

उघड्या खाचांत तो तीन गोष्टी बघतो. तारेची जाडी: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या पॉइंटला अडीच ते चार, एसीला स्वतंत्र चार, गिझरलाही स्वतंत्र सर्किट. पाइपात तारा कोंबल्यात का. आणि पाइपाच्या आत कुठे जोड दिलाय का. जोड असेल तो बॉक्समध्येच, हात पोचेल असा हवा. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) तारेला शोभेल असा निवडायचा, उपकरणाला नव्हे. अडीचच्या तारेवर 32 चा एमसीबी बसवला तर आधी तार तापते, एमसीबी नुसता बघत राहतो.

भाराचा हिशेब कागदावर मांडून ठेवा. दीड टनाचे दोन एसी 3.2 किलोवॅट, स्टोरेज गिझर 2, मिक्सर 0.75, दिवे-पंखे 0.5, वॉशिंग मशीन 0.5, फ्रिज 0.2. बेरीज 7.15. साधारण साडेसातच्या पुढे गेलं की थ्री फेजचा विषय निघतो, आणि जुन्या इमारतीत म्हणजे मीटर रूमपासून नवी केबल. स्टोरेजऐवजी तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर घेतला तर आकडा 8.15 वर जातो. गिझर दुकानात ठरवण्याआधी ही बेरीज करायची ती यासाठीच.

खरा वेळ गेला तो अर्थिंगमध्ये. जुन्या इमारतींत मीटर रूमपासून वर अर्थची तार आलेलीच नसते. मग कुणी तिसरी पिन नळाच्या पाइपला जोडतो, कुणी न्यूट्रलला. दुसरा प्रकार जास्त घातक: वाटेत न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या अंगावर फेज येतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ता नसतो. आमच्याकडे सोसायटीची परवानगी काढून डक्टमधून खालच्या अर्थ पिटपर्यंत (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) स्वतंत्र हिरवी तार टाकली. मेन जितक्या चौरस मिलिमीटरची, तितकीच ही (16 पर्यंत हाच नियम चालतो). निऑनच्या टेस्टरवर किंवा ‘बल्ब पेटला म्हणजे अर्थ आहे’ यावर भरवसा ठेवू नका. कमकुवत अर्थवरही बल्ब बऱ्यापैकी पेटतो. ठेकेदाराकडे अर्थ लूप मोजायचं यंत्र असतं, आकडा त्यावरचा घ्यावा.

चाचणीच्या दिवशी मेन बंद, सगळे प्लग काढलेले, दिवे काढलेले, स्विच चालू. एलईडीचे ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि सर्ज प्रोटेक्टर सुटे करावेच लागतात. नाहीतर मेगरवर (तारांच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) खोटा कमी आकडा येतो, शिवाय 500 व्होल्टनं ते खराब होऊ शकतात. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून, अर्थच्या विरुद्ध 500 व्होल्ट डीसी, एक मिनिट. किमान एक मेगओहम हवं, पण नव्या कोरड्या वायरिंगला शंभरच्या पुढे यायला हरकत नसते. ओला गिलावा असेल तर आकडा घसरतो. अशा वेळी भिंत वाळू द्यावी आणि पुन्हा मोजावं.

स्वयंपाकघराच्या सर्किटला आकडा आला जवळजवळ शून्य. डीबीत (एमसीबींच्या मुख्य पेटीत) न्यूट्रल लिंकवरून एकेक तार सोडवत ठेकेदारानं सर्किट वेगळं केलं, मग बोर्ड उघडत उघडत ओट्यावरच्या कपाटामागे पोचला. सुताराचा स्क्रू पाइपात शिरून न्यूट्रल आणि अर्थ दोन्हींना टेकला होता. हा दोष रोजच्या वापरात लपून राहतो: दिवा लागतो, मिक्सर फिरतो, एमसीबी पडत नाही. फक्त आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) लोड चढला की अधूनमधून पडते, आणि लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात.

दुसरं नेहमीचं कारण इन्व्हर्टर. त्याचा इनपुट आरसीसीबीच्या पुढून आणि दिव्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या आधीच्या लिंकवर, असं असेल तर येणारा-जाणारा प्रवाह जुळत नाही आणि ती पडणारच. घराला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. यंत्रानं ती 30 ला 300 मिलिसेकंदांच्या आत पडायला हवी आणि 15 ला पडता कामा नये. तिच्यावरचं टेस्ट बटण फक्त तिची यंत्रणा तपासतं. अर्थ आहे की नाही हे त्यातून कळत नाही. आणि ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट ती सांभाळत नाही, त्यासाठी एमसीबी हवाच.

शेवटी प्रत्येक सॉकेटची पोलॅरिटी: अर्थचं भोक वर धरलं तर समोरून बघताना फेज उजवीकडे.

असेही लोक भेटतात जे घर न बघता शिक्का मारलेला रिपोर्ट देतात. महावितरणच्या फाइलला तो चालूनही जाईल, पण कपाटामागचा स्क्रू तसाच राहतो. रिपोर्टवर सर्किटवार मेगरचे आकडे, अर्थचा आकडा, आरसीसीबीचा वेळ आणि परवाना क्रमांक नसतील तर सगळे पैसे चुकते करू नका.

पुढचं सोपं. महावितरणच्या संकेतस्थळावर 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकून भारवाढीचा अर्ज, सोबत रिपोर्ट, मग कोटेशन. त्यात वाढीव सुरक्षा ठेवही असू शकते. मीटर बदलायला माणूस आला की जुन्या मीटरच्या रीडिंगचा आणि दोन्ही मीटरच्या क्रमांकांचा फोटो काढा. नवा मीटर जोडून झाल्यावर मेन चालू करून एका सॉकेटवर फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेत का ते पुन्हा बघा, आणि मगच एसी लावा.