पाचारण शोधताना: वसई ते कोलकाता, दोन आठवडे

वय ३४, गाव वसईतलं, नोकरी अकाउंट्सची. गेली चार वर्षं मनात एकच गोष्ट घोळतेय, सिस्टर म्हणजे नन व्हायचं का. देवाची अशी हाक येणं, त्यालाच आम्ही ख्रिस्ती लोक पाचारण म्हणतो. बारावीनंतर मुलगी कॉन्व्हेंटमध्ये गेली तर आपल्याकडे गावभर कौतुक होतं, चौतिशीत बोललं की लोक आधी विचारतात लग्न कुठे फिसकटलं का. तसं काहीही नाहीये. मी ज्या फादरांकडे दर महिन्याला बोलायला जाते ते म्हणाले की नुसती घरी बसून रोजरी (जपमाळेची प्रार्थना) करून अर्धंच कळेल, जा आणि काम करून बघ. म्हणून जानेवारीत रजा टाकली आणि मदर तेरेसांच्या सिस्टरांकडे व्हॉलंटियर म्हणून कोलकात्याला जाऊन आले. माझ्यासारख्या अजून कुणी असतील तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

गीतांजली एक्सप्रेस सीएसएमटीहून सकाळी सहाला सुटते, वसईहून एवढ्या पहाटे पोचणं अवघड, मी आदल्या रात्री कल्याणला मावशीकडे राहिले आणि तिथून चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, हावड्याहून मेट्रो आता नदीखालून थेट एस्प्लनेडला जाते आणि तिथून सदर स्ट्रीट चालत. व्हॉलंटियरना राहायची सोय आपली आपण करायची असते, बहुतेक जण सदर स्ट्रीटच्या आसपासच राहतात. आणि बुधवारी निघू नका! मी बुधवारी निघाले, गुरुवारी पोचले, आणि गुरुवारी मदर हाउस, म्हणजे या सिस्टरांचं मुख्य घर, भेटीसाठी बंद असतं, तीस तासांच्या प्रवासानंतर बंद दारापुढे उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. नावनोंदणी शिशु भवनला, म्हणजे सिस्टरांच्या मुलांच्या घरी, होते, ठरलेल्या दिवशीच, मी गेले तेव्हा सोम-बुध-शुक्र दुपारी तीनला होती. आधार कार्ड जवळ ठेवा, पैसे काही लागत नाहीत.

रोज सकाळी सहाला मदर हाउसमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. चॅपल वरच्या मजल्यावर, बाक नाहीत, सगळे जमिनीवर, गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. खिडक्यांतून बाहेरच्या बोस रोडचे हॉर्न इतके येतात की बायबलचं वाचन नीट ऐकू येत नाही, पहिले दोन दिवस माझा जीव वैतागला, मग कान सरावले. क्रुसाजवळ येशूचे शब्द आहेत, मला तहान लागली आहे. मिस्सानंतर खाली चहा, पाव आणि केळं, मग प्रार्थना करून आपापल्या कामाला.

मला कामाला प्रेमदान मिळालं, हे सिस्टरांचं आजारी आणि निराधार लोकांसाठीचं घर. तिथे व्हॉलंटियर बाईला आंटी म्हणतात. सकाळभर धुणं, सगळं हाताने, चादरी पिळायला दोघी लागतात, एक या टोकाला एक त्या टोकाला, आणि मग गच्चीवर वाळत घालायच्या. नंतर जेवण भरवणं, नखं कापणं, केस विंचरणं. एक आजी होत्या, बोलत नव्हत्या, रोज मी केसाला तेल लावायला गेले की तोंड फिरवायच्या. सहाव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली फणी घेतली, खांद्याला धरून मला पाठमोरं बसवलं आणि माझी वेणी घातली. अगदी घट्ट, टोकापर्यंत. ती वेणी मी रात्रीसुद्धा सोडली नाही.

पण हेही सांगायला हवं की आठव्या-नवव्या दिवशी प्रार्थनेत काहीच वाटेना, नुसता थकवा, वाटलं म्हणजे हे आपलं नाहीच. एका सिस्टरांना घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या चॅपलमध्ये काय वाटतं ते मोजू नकोस, घरी गेल्यावर महिन्याभराने मनात काय उरतं ते बघ. मदरांना स्वतःला कितीतरी वर्षं प्रार्थनेत अंधार होता, हे त्यांच्या पत्रांवरून त्यांच्या मृत्यूनंतर जगाला कळलं, ते मला त्या रात्री फार आधाराचं वाटलं.

अजून एक गोष्ट तिथे लक्षात आली. मदरांना दार्जिलिंगच्या गाडीत गरिबांमध्ये जाऊन राहायची हाक आली ती १० सप्टेंबर १९४६ ला, वय ३६. लोरेटोचं, म्हणजे त्या आधी ज्या संघात सिस्टर होत्या त्या कॉन्व्हेंटचं, दार ओलांडून त्या बाहेर पडल्या १७ ऑगस्ट १९४८ ला. मधली जवळजवळ दोन वर्षं परवानगीची वाट बघण्यात गेली. त्या तर आधीपासून सिस्टर होत्या, माझी गोष्ट वेगळी आहे हे कळतं मला, पण थांबावं लागणं म्हणजे नकार नव्हे एवढं मनात पक्कं बसलं.

कारण मला थांबावंच लागणार आहे. मोठ्या वयात विचार करणाऱ्यांनी हे नीट वाचा. कॅनन लॉप्रमाणे (चर्चचा कायदा) नॉव्हिशिएटला, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या तयारीच्या काळाला, किमान वय १७, वरची मर्यादा त्यात नाही, पण प्रत्येक काँग्रिगेशनचा (सिस्टरांच्या संघाचा) आपला नियम असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो तिशी-पस्तिशीला थांबतो, म्हणून पहिल्या पत्रातच वय लिहा, लपवू नका. न फेडता येणारं कर्ज डोक्यावर असेल तर घेत नाहीत. माझं होम लोन अजून दीड वर्ष आहे आणि आई एकटी आहे, भावाशी याबद्दल स्पष्ट बोलणं झालंय. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, अविवाहित असल्याचा दाखला पॅरिश ऑफिसातून (आपल्या चर्चच्या ऑफिसातून) आधीच काढून ठेवा. नॉव्हिशिएट कमीत कमी १२ महिने, मग तात्पुरती व्रतं कमीत कमी ३ वर्षं, त्यामुळे आत पाऊल टाकलं की सगळं संपलं असं नसतं, दोन्ही बाजूंना बघायला वेळ असतो. आणि नोकरीचा राजीनामा एवढ्यात देऊ नका, नुसतं बघायला जाताना तर मुळीच नाही.

सोबत न्यायचं तर जुने सुती कपडे, स्वेटर कारण जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, पटकन काढता येतील अशा चपला, आणि हाताला लावायला खोबरेल तेल. मी नेलं नव्हतं. घरी आले तेव्हा साबणाने बोटं फुटली होती, आईने काही न बोलता तेलाची वाटी गरम केली, एकेक बोट चोळलं आणि शेवटी विचारलं, परत कधी जायचंय? महिना उलटून गेलाय, नोव्हेंबरची रजा टाकलीये, या वेळी बुधवारची गाडी नको, सोमवारी निघेन.