वेस्टर्न, आणि तेही रेडिओवर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी घरी काढला की एकेकाला अचानक कामं आठवतात. प्रश्न नेहमीचाच असतो. वेस्टर्न म्हणजे घोडे, धूळ, मोठ्ठं आभाळ, सगळा बघायचा मामला, मग तुम्ही ती सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन रेडिओ नाटकं हेडफोन लावून काय ऐकत बसता? आणि त्यालाच जोडून दुसरा, की त्यात न्याय म्हणजे शेवटी ज्याचं पिस्तूल आधी निघेल तो खरा, एवढंच ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते पटकन होईल. नाही, एवढंच नाही. १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड स्टेशनवर 'द लोन रेंजर' सुरू झालं, ते पोरांसाठी होतं, आणि त्यातसुद्धा नायक कोणाला जिवे मारायला गोळी झाडत नाही, जमलं तर गुंडाच्या हातातलं पिस्तूल उडवतो आणि त्याला कायद्याच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. त्याच्या त्या चांदीच्या गोळ्या. युरोपातल्या जुन्या लोककथांत चेटकीण मारायला चांदीची गोळी लागते, इथे मात्र ती कशासाठी तर माणसाचा जीव महाग असतो, उगाच गोळी झाडू नये, याची आठवण राहावी म्हणून. चेटकिणीवरचा तोडगा उचलून मुलांच्या संस्काराला लावला, बरं आहे, मला गंमत वाटते पण मी काही ते रोज ऐकत नाही.

मी ऐकते ते 'गनस्मोक'. सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीवर २६ एप्रिल १९५२ ला सुरू झालं आणि जून १९६१ पर्यंत चाललं. नॉर्मन मॅकडोनेल आणि जॉन मेस्टन या दोघांनी ते उभं केलं, मोठ्या माणसांसाठी वेस्टर्न करायचं असं ठरवून. जागा कॅन्ससमधलं डॉज सिटी, काळ १८७० नंतरचा, टेक्सासहून गुरांचे कळप हाकत आलेले काउबॉय तिथे पोचतात, खिशात पगार असतो आणि डोकं ठिकाणावर नसतं. गावाचा कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन हा नायक, त्याचा आवाज विल्यम कॉनराडचा. काय आवाज आहे हो! १९५५ ला टीव्हीवर गेलं तेव्हा कॉनराडला घेतलं नाही, तो जाडा होता, तिकडे उंच देखणा जेम्स आर्नेस आला, आणि जगाला डिलन म्हणून तोच माहीत आहे. असो.

तर हा डिलन आठवडाभर काय करतो? बऱ्याचदा लोकांना थांबवतो. तुरुंगात कोणीतरी कोंडलेला असतो, बाहेर गावकरी दोर घेऊन आलेले असतात, आणि डिलन दारात उभा राहून सांगतो की याला जज येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पडद्यावर जमाव दाखवला की तुम्ही डोकी मोजता, मशाली बघता, पुढे उभा असलेला मिशीवाला ओळखून ठेवता. रेडिओवर जमाव म्हणजे स्टुडिओतलेच चार-पाच नट माइकपासून लांब उभे राहून पुटपुटतायत, त्या धंद्यात त्याला 'वाला' म्हणायचे, आणि त्यातून मध्येच एखादं वाक्य वर येतं, "त्यानेच केलंय, सगळ्यांना माहितीये." कोण बोललं ते कळत नाही. किती जण आहेत कळत नाही, दहा की शंभर. आणि तुम्ही ऐकताय कुठून, तर त्या गर्दीच्या मधूनच, कारण आवाज चहूबाजूंनी तुमच्याच कानात. मग एकदम शांतता आणि फळ्यांच्या फुटपाथवर डिलनच्या बुटांचा आवाज, टाचेच्या स्परची, म्हणजे घोड्याला टोचायच्या काट्याची, बारीक किणकिण. 'गनस्मोक'चे साउंडवाले या बाबतीत वेडे होते, आणि दिग्दर्शक त्यांना वेळ द्यायचा, दोन वाक्यांमध्ये नुसती पावलं वाजू द्यायचा, जे तेव्हा रेडिओवर फार कोणी करत नव्हतं.

आता अंधश्रद्धेचं. या सगळ्या मालिकांमध्ये ती दोन तऱ्हेची येते, आणि मला राग पहिल्या तऱ्हेचा येतो. ती म्हणजे नाव लावून येणारी, 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचे शाप, मांत्रिक, पवित्र डोंगर, आणि मग गोरा नायक येऊन सगळ्याचा खुलासा करतो. लोन रेंजरचा 'इंडियन' साथीदार टोंटो, त्याचा आवाज जॉन टॉड नावाच्या गोऱ्या नटाचा, तोडकंमोडकं इंग्रजी, हे एकच उदाहरण पुरे. दुसरी तऱ्हा बिननावाची. गावातले सभ्य लोक, चर्चला जाणारे, ठामपणे सांगतात की त्या परक्याच्या नजरेतच काहीतरी होतं, तो आला तेव्हापासूनच हे सुरू झालं, त्याचा बापही असाच होता. याला तिथे कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही, अनुभव म्हणतात. मेस्टनच्या गोष्टींमध्ये माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या जातीच्या खात्रीमुळे, आणि म्हणून त्या मला अजून शिळ्या वाटत नाहीत.

न्याय आणि अंधश्रद्धा दोन्ही एकत्र बघायच्या असतील तर खरा इतिहासच घ्या, वाइल्ड बिल हिकॉक या नावाजलेल्या पिस्तूलबाजाचा. २ ऑगस्ट १८७६, डेडवूड, डाकोटा टेरिटरी. हिकॉक गुत्त्यात पत्ते खेळत होता, नेहमीची भिंतीकडची खुर्ची मिळाली नाही म्हणून पाठ मोकळी ठेवून बसला, आणि जॅक मॅकॉल नावाच्या माणसाने मागून डोक्यात गोळी घातली. दुसऱ्या दिवशी खाणकामगारांनी आपलंच कोर्ट भरवलं, आपल्यातूनच ज्युरी निवडली. मॅकॉल म्हणाला, हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं, त्याचा बदला घेतला. ज्युरीने सोडून दिलं! झालं, न्याय संपला. पण गडी गप्प बसेना, वायोमिंगमध्ये जाऊन बढाया मारायला लागला, तिथे पकडला, यांक्टनला सरकारी कोर्टात पुन्हा खटला उभा राहिला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा कसा, तर डेडवूड हे गावच १८६८ च्या करारानुसार लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर बेकायदा वसलेलं होतं, त्यामुळे तिथल्या कोर्टाला काही अर्थच नव्हता. १ मार्च १८७७ ला मॅकॉलला फाशी झाली. ज्यांची जमीन लुबाडली त्यांच्या करारामुळे एका गोऱ्याला फाशी देता आली, आणि त्या लोकांना मात्र जमीन काही परत मिळाली नाही, हे मला कुठल्याही नाटकापेक्षा जास्त नाट्यमय वाटतं.

आणि लोकांच्या लक्षात यातलं काय राहिलं? पत्ते. हिकॉकच्या हातात मरताना एक्के आणि अठ्ठे होते म्हणे, 'मेलेल्याचा हात', अजून पोकरवाले ती पानं आली की दचकतात. त्या वेळच्या बातम्यांत पत्त्यांचा पत्ता नाही, ही गोष्ट खरी पसरली १९२० च्या दशकात, एका चरित्रामुळे. तरी १९५८ मध्ये सीबीएसवरच 'फ्रंटियर जंटलमन' आलं, लंडन टाइम्सचा वार्ताहर जे. बी. केंडल पश्चिमेत भटकतोय अशी मालिका, जॉन डेनरने फार सुंदर केलीये, त्यात हिकॉकच्या भागाचं नावच 'एसेस अँड एट्स'. म्हणजे खुनी आधी सुटला कसा आणि मग लटकला कसा, यापेक्षा अपशकुनच टिकला.

हे ऐकताना आपल्याकडचं आठवत नाही असं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारलं. तिथेही "सगळ्यांना माहितीये"च होतं, फक्त मोबाइलवरून आलेलं. यावर जास्त लिहीत नाही, तो या लेखाचा विषय नाही.

खरं डॉज मात्र एवढं रक्ताळलेलं नव्हतं हेही सांगायला हवं. रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने मोजलं, कॅन्ससच्या अशा पाच गुरांच्या गावांत मिळून १८७० ते १८८५ या काळात ४५ खून. पंधरा वर्षांत, पाच गावांत. डॉजमध्ये बंदूक बाळगायला मनाई असल्याचा फलकच लावलेला होता, फोटो आहेत त्याचे. रेडिओवरच्या डॉजने तो आकडा केव्हाच मागे टाकला असणार, डॉक्टरचा धंदा तर जोरात! पहिल्या भागात हे डॉक्टर पोस्टमॉर्टमच्या फीसाठी इतके उतावळे होते की कॉनराडने त्यांचं आडनाव अ‍ॅडम्स सुचवलं, मढी-भुतांची विनोदी चित्रं काढणाऱ्या चार्ल्स अ‍ॅडम्सवरून.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर 'द गिटार' नावाचा भाग शोधा. एक साधाभोळा गिटारवाला गावात येतो, दोन टगे त्याला छळतात, आणि यावेळी दोर काढतात ते गावातलेच, आपल्याला आतापर्यंत आवडलेले लोक. तुम्हाला त्या दोघांबद्दल काडीचीही कीव येणार नाही, मलाही आली नव्हती, म्हणून तर सांगतेय ऐका. आणि दिवे बंद करून वगैरे ऐकायची काही गरज नाही, मी भाजी निवडताना ऐकते.