आमची वाटचाल : थंबनेल, रफ, रंग आणि एक पाव्हणं

आमच्या दुकानात चित्र मिळतं, कॉम्प्युटरवर हाताने काढलेलं. ते फ्लेक्सवर छापायचं, कापडावर छापायचं की कॅलेंडरच्या आर्ट पेपरवर, हे नंतर ठरतं. काउंटरवर मी हे सांगत असतो आणि तरी रोज एक तरी जण दारातूनच विचारतो, "दहा बाय आठचं कसं लावलंय?" बेळगावात चित्राचा भावसुद्धा चौरस फुटावर विचारतात. के. बी. कुलकर्णींच्या निसर्गचित्रांचं हे गाव, पण सांगायचं कुणाला!

घराण्याचं काम बोर्ड रंगवायचं. इनॅमलचे डबे, खडूची दोरी, हात टेकायला काठी, आणि कापडावर मोठं चित्र काढायचं तर चौकटी पाडून. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीतले बहुतेक पेंटर नंबरप्लेटीवर आले. मी आणि आमचे निपाणीकडचे पाव्हणं, नात्याने मेव्हणेच, दोघांनी मिळून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि वॅकॉमचा इंट्युओस थ्री, म्हणजे पेनने चित्र काढायचा टॅब्लेट, घेतला. पेनच्या दाबाच्या १०२४ पातळ्या. आज ८१९२ पातळ्यांचे पेन मिळतात, तरी सांगतो, हात हलका नसेल तर त्यातल्या दोनच वापरल्या जातात : दाबलेला आणि न दाबलेला. पाव्हण्यांकडे मांडणीचं कोरलड्रॉ, मराठी अक्षरांची श्रीलिपी, कन्नडची नुडी, गिऱ्हाईक आणि हिशोबाची वही. माझ्याकडे चित्र. पाव्हणं कामाला चपळ होते हे मी आजही नाकारत नाही. मंडळाचा सेक्रेटरी पायरी चढायच्या आत यांनी त्याच्या अध्यक्षाचा फोटो कापून ठेवलेला असायचा.

आता काम कसं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिल्यांदा थंबनेल. काडेपेटीएवढं, राखाडीच्या तीन छटांत : गडद, मधली, उजळ. रंग नाही, डोळे-नाक नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथाच्या मागे पडदा लागतो, तो रात्री, हॅलोजनखाली, गर्दीच्या डोक्यांवरून दिसतो. काडेपेटीत महाराज ओळखू येत नसतील तर वीस फुटांवरही येणार नाहीत. त्यातलं एक निवडून मोठं करायचं आणि निळसर रेषेत रफ काढायचं. या वेळी चुकीच्या रेषा खोडायच्या नसतात. दहा रेषांतली खरी कोणती हे नंतर डोळ्याला कळतं. मग रफची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, वीस-पंचवीस टक्क्यांवर आणायची आणि वरच्या लेयरवर, म्हणजे पारदर्शक थरावर, स्वच्छ रेषा.

त्याखाली फ्लॅट. नवीन पोरं इथे कंटाळतात. अंगाचा एक रंग, अंगरख्याचा एक, शेल्याचा एक, प्रत्येक तुकडा लॅसोने कापून सपाट भरायचा. अँटी-अलियास, म्हणजे कडा मऊ करणारी सोय, बंद ठेवायचं, नाहीतर बादलीने रंग ओतल्यावर कडेला पांढरी किनार राहते आणि छापल्यावर ती केसासारखी दिसते. हे एकदा नीट झालं की वर क्लिपिंग मास्क लावून कितीही रंगवा, अंगरख्याची सावली बाहेर गळत नाही.

सावली मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद होईल अशी, पण काळ्याने नाही. समईचा उजेड पिवळा असेल तर सावलीत निळा-जांभळा येतो. आषाढातल्या ढगाळ उजेडात उलटं, उजेड गार आणि सावली उबदार. कणकुंबीकडच्या घाटात पावसाळ्यात उभं राहून जांभ्या दगडाकडे बघा, मी काय म्हणतो ते दिसेल. मऊ ब्रश गालाला, धुक्याला आणि ढगाला. सगळीकडे तोच फिरवला की देव प्लॅस्टिकचा होतो. यावर कुणीतरी जुने चित्रकार रघुवीर मुळगावकर यांच्या स्प्रेचं नाव काढतंच. अहो, त्या स्प्रेखाली ड्रॉइंग केवढं पक्कं होतं ते बघा की आधी!

सोनं पिवळ्याने होत नाही. गडद तपकिरी, मग गेरूसारखा, मग थोडा पिवळा, आणि शेवटी अगदी मोजक्या जागी जवळजवळ पांढरा ठिपका. तो ठिपका मोजका असतो म्हणूनच सोनं चमकतं. मोत्याला मी तीनच फटके देतो : कडेची राखाडी, खालून परतलेला उजेड आणि वरचा ठिपका. हे तीन फटके लक्षात ठेवा.

आणि दोन तपासण्या. सगळ्यात वर काळा भरलेला एक लेयर ठेवायचा, त्याचा मोड कलर. तो चालू केला की अख्खं चित्र राखाडीत दिसतं, आणि नुसत्या रंगाच्या जोरावर उभा असलेला भाग लगेच मातीत जातो. दुसरी तपासणी फ्लिप. कॅनव्हास आडवा उलटा करायचा. तास-दोन तास बघून डोळा चुकांना सरावलेला असतो, उलटं केल्यावर वाकडा खांदा, वर चढलेला डोळा आपोआप पुढे येतो. तपासायचं आणि परत सुलट करायचं. परत सुलट करायचं, हे मुद्दाम दोनदा लिहिलंय.

शहापूरचे आमचे तात्या, कुंद्याचं दुकान, हे आमचं पहिलं कॅलेंडरचं गिऱ्हाईक. तात्या स्क्रीनवर चित्र बघत नाहीत. "टीव्हीत सगळंच चांगलं दिसतंय, कागदावर काढून आण." मग रफचाही प्रिंट, फ्लॅटचाही प्रिंट. एका वर्षी बाळकृष्ण केला होता, स्क्रीनवर निळा असा की नजर ठरावी. तात्यांनी प्रूफ खिडकीपाशी नेलं आणि म्हणाले, "हा वांग्याच्या रंगाचा का झालाय?" आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनवरचा, निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेला की जांभळा होतो. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, सायनपेक्षा, म्हणजे निळ्या शाईपेक्षा, चांगला तीस टक्क्यांनी तरी खाली ठेवावा लागतो. हे प्रेसवाल्याला माहीत होतं, पण बोलून दाखवलं मिठाईवाल्याने. तेव्हापासून तात्यांच्या खिडकीतून गेल्याशिवाय आमचा निळा प्लेटवर चढत नाही. पैसे वेळेवर, रोख, आणि वर पाव किलो कुंदा. मुलगा लहान होता तोवर तो कुंदा आमच्या घरी पोचायचा, हल्ली दुकानातच संपतो.

मधली वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

२०१६. मार्चमध्ये कर्नाटक सरकारने प्लॅस्टिकवर बंदी आणली आणि तीत फ्लेक्सही आला. छापणारे गडबडले, त्यांच्यामागे आम्ही. मंडळं म्हणाली, थांबा, बघूया काय होतंय ते. कापडावर छपाई करणारे तेव्हा इकडे थोडे, आणि कापड रंग पिऊन घेतं, त्यामुळे जुन्या फाइली सगळ्या उजळ करून घ्याव्या लागल्या. उधारी अडकली. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि जी मंडळं वर्गणीच्या रोख पैशांवर चालतात त्यांनी फोन उचलणं सोडलं. त्याच थंडीत पाव्हण्यांनी सांगितलं की त्यांना वेगळं व्हायचंय. व्हा म्हटलं. हिशोब झाला, चहा झाला, आमच्या बहिणीने दोघांनाही वाढलं. दुसऱ्या दिवशी कपाटातली मोठी हार्ड डिस्क नव्हती.

त्या डिस्कमध्ये आमचे सगळे देव होते. गणपती, विठोबा, सौंदत्तीची यल्लम्मा, महाराज अश्वारूढ, महाराज सिंहासनावर. नुसती जेपीजी नाहीत, फोटोशॉपच्या लेयरवाल्या पीएसडी फाइली. प्रत्येक लेयरला नाव : "शेला सावली", "जिरेटोप मोती", "घोडा फ्लॅट". एवढी शिस्त मी लावली ती कुणाच्या सोयीची झाली बघा.

थोड्या महिन्यांत पाव्हण्यांनी छपाईचं मशीन घातलं आणि चौरस फुटाला आमच्यापेक्षा कमी भाव लावला. चित्र फुकटात असल्यावर भाव कमी लावायला काय जातंय? पुढच्या शिवजयंतीला चौकाचौकात आमचे महाराज, आणि खाली त्यांचा फोन नंबर. फक्त महाराज उलटे. ओळखू येऊ नये म्हणून फ्लिप मारून छापलेले. तलवार डाव्या हातात! मी रामदेव गल्लीच्या कोपऱ्यावर स्कूटर लावून वर बघत होतो. जिरेटोपाच्या मोत्यांवर तेच तीन फटके होते, फक्त ठिपका दुसऱ्या बाजूला.

गणेशोत्सवात याच्याही पुढचं झालं. एका मंडळाने पाव्हण्यांकडून पडदा नेला, आमचाच डाव्या सोंडेचा गणपती, उलटा केलेला. म्हणजे सोंड उजवी झाली आणि आशीर्वादाचा हात डावा. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, हे इथे लहान पोरालाही माहीत आहे. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला, आणि आले कुणाकडे? आमच्याकडे! "चित्राची ढब तुमची आहे, असला गणपती कसा काढलात?" मी मूळ चित्राचा कॅलेंडरवरचा प्रिंट दाखवला, सोंड दाखवली, हात दाखवला. एक आजोबा म्हणाले, "मग बदलून द्या की." बदलून दिला. रातोरात. पैसे मागितले तर अध्यक्ष म्हणाले, आम्ही एकदा दिलेत. आजवर ते पैसे आलेले नाहीत, आणि त्या पडद्याखालचा फोन नंबर उत्सव संपेपर्यंत पाव्हण्यांचाच होता.

पोलिसांत का गेला नाहीस, असं लोक विचारतात. बहीण त्या घरात आहे. विषय संपला.

त्या हिवाळ्यात तात्यांनी कॅलेंडरचे पैसे आगाऊ दिले, दोन वर्षांचे. काही बोलले नाहीत, एवढंच की "यंदा विठोबा कर, आणि नवा कर." जुना विठोबा डिस्कबरोबर गेलेला त्यांना माहीत होतं. मी थंबनेलपासून सुरुवात केली. गंमत म्हणजे नवा विठोबा जुन्यापेक्षा बरा झाला, कारण जुनी फाइल हाताशी असली की माणूस तिचाच शेला नव्याला नेसवतो. पाव्हण्यांकडे अजून तोच शेला आहे. हनुमानालाही तोच, शंकरालाही तोच.

कोरोनाची वर्षं सगळ्यांचीच गेली, ती लिहीत नाही. २०२४ मध्ये फलकांवर साठ टक्के कन्नडचा नियम लागू झाला आणि गल्लोगल्ली बोर्ड बदलले, त्या कामाने दुकानाला पुन्हा दम दिला. अक्षरं आमच्या दुकानातला अथणीचा पोरगा बघतो. त्याचं म्हणणं एकच : कन्नडला खाली जागा सोडा, जोडाक्षराचं दुसरं अक्षर ओळीच्या खाली लटकतं. मराठी बोर्डाच्या मापात कन्नड कोंबलं की ते अक्षर चौकटीवर आपटतं. हे त्याला गिऱ्हाइकाला दोन्ही भाषांत सांगावं लागतं.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पहिल्यांदाच स्क्रीनवाला टॅब्लेट घेऊ नका, साध्यावर हात बसवा, पाठही वाचेल. पेनची निब झिजून तिरपी झाली की लगेच बदला, नाहीतर टॅब्लेटला चरे पडतात. ब्रश तीन ठेवा : कडक, मऊ आणि एक खरखरीत. इंटरनेटवरून हजार ब्रश उतरवणाऱ्याचं चित्र पुरं झालेलं मी बघितलेलं नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र घेऊन पडदा छापायला येऊ नका. सोळाशे पिक्सेल वीस फुटांवर ताणले की इंचाला सातसुद्धा येत नाहीत. वीस बाय दहा फुटांचं काम आम्ही ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांना, धरतो तरी रुंदी १७,२८० पिक्सेल होते, आणि लेयर वाढले की मशीन रडायला लागतं. म्हणून रफ आणि फ्लॅट निम्म्या मापात करा, शेवटचा हात मोठ्यावर फिरवा. एआयचा गणपती घेऊन येणाऱ्यांनी येण्याआधी हात आणि बोटं मोजावीत, आणि सोंड कुठे वळलीय तेही बघावं.

आमचे नियम सोपे आहेत. थंबनेल फुकट. रफ पसंत पडलं की निम्मे पैसे. फ्लॅट झाल्यावर पोझ बदलायची म्हटली तर ते नवं चित्र, भाव पहिल्यापासून. छपाईची फाइल मिळते, लेयरवाली मिळत नाही, आणि ज्याला हवीच असेल त्याच्यासाठी वेगळा दर आहे. गेल्या दिवाळीत पाव्हण्यांनी एका पोराला पाठवून नव्या विठोबाची लेयरवाली फाइल मागवली. पोराला बसवलं, चहा पाजला, दर लिहून दिला. अजून उत्तर आलेलं नाही.